कार्बुरेटर का वाहतो?

मुलांनो, तुमच्या घरावर किंवा शाळेवर पाण्याची टाकी असेल. त्या टाकीत एक पोकळ गोळा तरंगत असतो. पाणी वाढले, की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी कमी झाले, की गोळा खाली जातो आणि नळ उघडतो. गोळ्याला भोक पडले किंवा नळात कचरा अडकला, तर नळ बंदच होत नाही. टाकी भरून वाहू लागते. अशीच एक छोटी टाकी जुन्या मोटारींच्या कार्बुरेटरमध्ये असते. फक्त तिच्यात पाणी नसते, पेट्रोल असते.

समजा, सुटीत तुम्ही पनवेलला मामूंकडे गेला आहात. मामूंची जुनी 'प्रीमियर पद्मिनी' आहे. ही मोटार मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या ओळखीची होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. पण हौशी लोकांनी आपल्या गाड्या अजून जपून ठेवल्या आहेत.

उद्या सकाळी तुम्हां सर्वांना जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्याला जायचे आहे. वाटेत खोपोलीच्या पुढे बोरघाटाचा मोठा चढ आहे. म्हणून मामू संध्याकाळीच गाडी सुरू करून पाहतात. इंजिन घरघरते, पण सुरू होत नाही. पेट्रोलचा उग्र वास येतो. शेजारचे गृहस्थ म्हणतात, "कार्बुरेटर नवा घ्या, नाही तर गाडी विका." मामूंचा चेहरा उतरतो. ते गल्लीतल्या उस्तादांना बोलावतात.

मामू बॉनेट उघडतात. आत अंधार आहे. शेजारी खिशातून काडेपेटी काढतात. तेवढ्यात उस्ताद ओरडतात, "थांबा! काडी ओढू नका!"

ते तुम्हांला समजावतात, "बेटा, पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून खाली साचून राहते. एक ठिणगी पडली, तरी भडका उडतो." ते गाडी मोकळ्या जागेत ढकलायला सांगतात. बॅटरीची तार काढतात. मग बॅटरीच्या प्रकाशात तपासणी सुरू होते. तुम्ही थोडे दूर उभे राहून पाहा. हे काम मोठ्या, जाणत्या माणसांचेच आहे.

उस्ताद आधी सोपी गोष्ट पाहतात. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागते. त्यासाठी चोक ओढतात. तो तसाच ओढलेला राहिला, तरी इंजिनात पेट्रोल जास्त जाते. पण मामूंनी चोक आत ढकललेला आहे. म्हणजे दोष तेथे नाही.

मग ते प्लग काढतात. प्लग काळे आणि पेट्रोलने भिजलेले आहेत. कार्बुरेटरही बाहेरून ओला आहे. उस्ताद म्हणतात, "पेट्रोल येते आहे, पण फार येते आहे." १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. पेट्रोल वाढले, तर प्लग भिजतात आणि ठिणगी पडत नाही. याला मिस्त्री लोक 'कार्बुरेटर ओव्हरफ्लो झाला' असे म्हणतात.

आता ते कार्बुरेटरचे झाकण उघडतात. आत तरंगणारा फ्लोट आहे. ते फ्लोट कानाजवळ हलवतात. आत पेट्रोल गेले असते, तर आवाज आला असता. मग ते घरातून आणलेल्या गरम पाण्यात फ्लोट बुडवतात. भोक असते, तर बुडबुडे निघाले असते. एकही बुडबुडा निघत नाही. फ्लोट चांगला आहे.

फ्लोट वर आला, की एक छोटी सुई पेट्रोलची वाट बंद करते. उस्ताद ती सुई काढतात. पाहा! तिच्या टोकाशी गंजाचा एक बारीक कण अडकला आहे. तो मोहरीहूनही लहान आहे. एवढ्याशा कणामुळे वाट पुरती बंद होत नव्हती!

उस्ताद सुई आणि तिची बैठक धुतात. झडपेखाली पूर्वीच्याच जाडीचा वॉशर घालतात. वॉशर पातळ असला, तर पेट्रोलची पातळी वाढते. पण काम अजून संपलेले नाही. कण आला कोठून? जुन्या टाकीतून. म्हणून ते पेट्रोलच्या नळीतला फिल्टरही बदलतात. नाही तर उद्या दुसरा कण येईल.

प्लग कोरडे करून बसवतात. सांडलेले पेट्रोल पुसतात. थोडा वेळ वारा लागू देतात. मग बॅटरीची तार जोडतात. मामू ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरतात आणि स्टार्टर फिरवतात. थोडा काळा धूर निघतो आणि इंजिन सुरू होते! उस्ताद दहा मिनिटे गळती पाहत उभे राहतात. मजुरी आणि फिल्टरचे पैसे, एवढेच ते घेतात.

जाताना ते म्हणतात, "बेटा, दोष सापडल्याशिवाय भाग बदलू नये."

आजच्या नव्या मोटारींत कार्बुरेटर नसतो. पेट्रोल मोजून सोडण्याचे काम तेथे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. पण उस्तादांची रीत तेथेही उपयोगी पडते. आता तुमच्या घरची टाकी वाहू लागली, तर तुम्ही आधी काय तपासाल?

शब्दार्थ
उग्र – तीव्र
चेहरा उतरणे – निराश होणे
झडप – वाट उघडणारा व बंद करणारा भाग
रीत – पद्धत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पद्मिनी मोटार कोठे तयार होत असे?
(आ) उस्तादांनी काडी ओढू का दिली नाही?
(इ) सुईच्या टोकाशी काय अडकले होते?
२. कारण सांगा : उस्तादांनी फिल्टरही बदलला.
३. 'उस्ताद', 'मजुरी' यांसारखे उर्दूत आणि मराठीत वापरले जाणारे पाच शब्द लिहा.