भात कमी, मासळी तेवढीच: शुगरवाल्यांनी घरी आणि बोटीवर काय खावं



सोसायटीच्या ऑफिसात डिझेलच्या कागदांसाठी येणारे नाखवा आणि तांडेल हल्ली एक वेगळाच प्रश्न विचारतात. "डॉक्टर म्हणतात भात कमी करा. मग आम्ही खायचं काय?" घरच्या बाया विचारतात, "यांचा डबा कसा भरू?" म्हणून आजचा पाठ टाइप २ डायबेटीस आणि कमी कार्बच्या जेवणावर. पोस्ट थोडी लांब आहे, पण घरात कुणाला शुगर असेल तर शेवटपर्यंत वाचा. औषधांचा भाग तर चुकवूच नका.

१) "आम्ही अंगमेहनत करतो, आम्हाला कसली शुगर?"

हा समज आधी काढून टाकू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) देशभराचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात देशात सुमारे १० कोटी लोकांना डायबेटीस असल्याचा अंदाज निघाला, आणि प्रमाणात सगळ्यांत वर होतं आपल्या शेजारचं गोवा, २६ टक्क्यांच्या पुढे. म्हणजे शंभर मोठ्या माणसांत सव्वीस. गोव्याचं जेवण तरी काय? शीत-कढी, भात आणि मासळी. आपलंच की.

"तो तर काटकुळा आहे, त्याला कशी शुगर" असंही आपण म्हणतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही बारीक. आपली चरबी पोटाच्या आत बसते, लिव्हरभोवती बसते, आणि तिथूनच शुगरचं दुखणं सुरू होतं. म्हणून काट्यावरचं वजन बघून निश्चिंत राहू नका, कमरेचा घेरही बघा.

२) भात पोटात गेल्यावर काय होतं

कार्ब म्हणजे पिष्ट आणि साखर. भात, भाकरी, चपाती, पाव, पोहे, बटाटा, साबुदाणा, बिस्कीट हे सगळं पोटात गेल्यावर शेवटी साखरच होते. ती साखर रक्तातून पेशींत पोचवायचं काम इन्सुलिनचं. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. धक्क्यावर माल उतरवायला माणसं कमी आणि बोटी एकामागून एक लागतायत, अशी गत. माल तुंबतो. रक्तात साखर तुंबते.

आता हिशेब करा. एक वाटी शिजलेला भात, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम, यात ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब. एक चमचा साखर ४ ग्रॅमची धरली तर झाले दहा चमचे. बोटीवरच्या ताटात एक वाटी कोण घेतो? तीन-चार वाट्या सहज जातात. म्हणजे एका जेवणाला तीस-चाळीस चमचे साखर, आणि आपण म्हणतो "मी तर चहा बिनसाखरेचा पितो."

त्याच ताटातल्या बांगड्यात कार्ब जवळजवळ शून्य. शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण १९-२० ग्रॅम प्रोटीन. तारली, बोंबील, मांदेली, सुरमई, हलवा, कोळंबी यांतही कार्ब नाही म्हणावं इतकं कमी, आणि तिसऱ्या-कालवांत थोडंसं. तेव्हा आपल्या ताटात दोष मासळीचा नाही, भाताच्या डोंगराचा आहे.

३) किती कमी करायचं?

आयसीएमआरच्याच अभ्यासावरून दिसतं की सरासरी भारतीय माणसाची ६२ टक्के ऊर्जा कार्बमधून येते. त्याच संशोधकांनी २०२२ साली गणित मांडलं, की नव्याने डायबेटीस झालेल्यांनी तो मागे हटवायचा असेल तर कार्ब ५० टक्क्यांच्या आसपास आणावं आणि प्रोटीन २० टक्क्यांपर्यंत वाढवावं. म्हणजे भात बंद करा असं कुणी म्हणत नाही. भात कमी करून ती जागा मासळी, अंडी, डाळ आणि भाजीने भरायची आहे.

याहून कडक आहारही आहेत. २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यातल्या काही चाचण्यांत किती जणांची एचबीए१सी ६.५ च्या खाली आली हे सहा महिन्यांनी मोजलं होतं. कमी कार्बवाल्यांत ती शंभरात ५७ जणांची आली, बाकीच्यांत ३१ जणांची. पण वर्षभरानंतर हा फरक बराच ओसरला. म्हणून जो आहार तुम्ही पाच वर्षं खाऊ शकाल तोच धरा. महिनाभर शून्य भात आणि मग दिवाळीला सगळं सोडून दिलं, यात काही हशील नाही.

आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धतही अनेकजण पाळतात. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून त्यांना ती सुचली. दिवसात दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. ती पद्धत 'किती वेळा खाता' यावर आहे, कमी कार्बचा आहार 'काय खाता' यावर. दोन्हींची सरमिसळ करून मनाने प्रयोग करू नका, गोळ्या चालू असतील तर मुळीच नको.

४) ताट कसं वाढायचं

अर्धं ताट भाजी: पालेभाजी, वांगं, भेंडी, दोडका, कोबी, काकडी. पाव ताट मासळी, अंडी किंवा कोंबडी. उरलेल्या पावात भात किंवा एक भाकरी, दोन्ही नकोत. तांदळाची भाकरी म्हणजे तांदूळच. ती भाताला पर्याय नव्हे.

आधी मासळी आणि भाजी खा, भात शेवटी घ्या. मग भात आपोआप कमी जातो आणि साखरही सावकाश चढते.

कालवणात ओलं खोबरं चालेल, पण प्रमाणात. तळताना रव्याचा जाड थर नको. सुक्या मासळीत प्रोटीन भरपूर असलं तरी मीठही भरपूर असतं. बीपी असेल तर पाण्यात चांगली भिजवून, धुऊन, आणि रोज नको.

बोटीवरची खरी चोरटी साखर म्हणजे चहा-बिस्कीट, खारी, पाव आणि कोल्ड्रिंक. शिधा भरताना बिस्किटांचे पुडे कमी करा. त्याऐवजी उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे द्या. मासळी तर बोटीवर ताजी असतेच.

५) औषध चालू असेल तर आधी डॉक्टर, मग ताट

मंडळी, हा भाग नीट वाचा. समुद्रात जीव जाऊ शकतो तो इथे.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन हे रोजच्या भाताचा हिशेब धरून दिलेले असतात. भात अर्धा केला आणि गोळी तेवढीच घेतली, वर रात्रभर जाळी ओढली, तर शुगर ७० च्या खाली घसरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, छाती धडधडते, माणूस चिडतो, बरळतो. बोटीवरच्या बाकीच्यांना वाटतं हा प्यालाय किंवा याला बोट लागली. आणि तो कडेला उभा असतो.

म्हणून आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा: "मी भात एवढा कमी करणार आहे आणि मी समुद्रावर जातो, डोस किती ठेवू?" डोस तेच कमी करतील. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, आणि जुनी गोळी तशीच रेटूही नका.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा 'फ्लोझिन'वाल्या गोळ्या असतील तर कडक कमी कार्बचा आहार धोक्याचा. उलट्या होत असताना किंवा पाणी कमी पडलं असताना रक्तात आम्ल वाढून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो, तेही शुगर फार वाढलेली नसताना. किडनीचा त्रास असलेले, गरोदर बायका आणि टाइप १ वाले यांनी तर डॉक्टरांशिवाय यात पडूच नये.

बोटीवर एवढं ठेवा:
– ग्लुकोज पावडर किंवा साखर, पाणी न शिरणाऱ्या डब्यात. लक्षणं दिसली तर तीन-चार चमचे पाण्यातून द्या, पंधरा मिनिटं थांबा, फरक नाही तर परत द्या. बरं वाटल्यावर थोडं जेवण द्या.
– माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर झोपवा, व्हीएचएफ चॅनल १६ वर मदत मागा. मोबाईलला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा नंबर १५५४.
– कुणाला शुगर आहे हे तांडेलाला माहीत असलंच पाहिजे. लपवू नका, यात लाज कसली?
– इन्सुलिन मासळीच्या बर्फाला चिकटवून ठेवू नका. एकदा गोठलं की ते वाया गेलं.
– पाय रोज बघा. शुगरमुळे पाय बधिर होतात, शिंगाळ्याचा काटा घुसला तरी कळत नाही. जखम चिघळली की पायावर बेतते.

६) ग्वाल्हेरहून आलेला प्रश्न

आपल्या गावची एक माहेरवाशीण ग्वाल्हेरला हरिशंकरपुरममध्ये राहते, पेज नेमाने वाचते. ती विचारते, "आमच्याकडे भात कमीच, गव्हाची पोळी असते. मग मिस्टरांची शुगर का वाढते?"

ताई, गव्हाची एक मध्यम पोळी म्हणजे १५ ते २० ग्रॅम कार्ब. चार पोळ्या झाल्या की भाताएवढंच गणित. पोळ्या दोनवर आणा. सकाळची कचोरी-जिलेबी आणि थंडीतली गजक (तीळ चांगलेच, पण गूळ-साखर तेवढीच) सणापुरती ठेवा. समुद्राची मासळी तिथे महाग असली तरी रोहू-कटला मिळतो, तोही तितकाच चांगला. नाहीतर अंडी, पनीर आणि घट्ट डाळ आहेच. डोसबद्दल वर लिहिलंय ते तुम्हालाही लागू.

७) सुरुवात कधी करायची

आमचं मत विचाराल तर पावसाळी बंदीत. १ जूनला बोटी किनाऱ्याला लागतात, माणूस घरी असतो, डॉक्टर जवळ असतो, शुगर वरचेवर तपासता येते. एरवी याच दिवसांत मेहनत बंद, भात तेवढाच आणि सोबत सुकी मासळी, म्हणून शुगर चढते. यंदा उलटं करा. बंदी लागताच तपासणी, डॉक्टरांशी बोलणं, ताटात बदल, रोज चालणं. नारळी पुनवेपर्यंत अंगाला सवय होईल, डोसही बसेल.

तपासणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरच्या सगळ्यांची मोफत होते. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आली तर डायबेटीस धरतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. उंबरठ्यावरच्यांनी तर आजच भाताची एक वाटी कमी करावी.

इंजिनाचं ऑइल आपण वेळेवर बदलतो, कारण भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. शरीराचंही तसंच आहे. पोस्ट आपल्या बोटीच्या ग्रुपवर टाका आणि घरच्या बायांना वाचून दाखवा, कारण शिधा त्याच भरतात. शंका असतील तर खाली लिहा किंवा सोसायटीत या. औषधाचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.