संवेगाची अक्षय्यता : पाठाची मांडणी

‘संवेग म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार’ हे वाक्य वरच्या इयत्तेतील मुले चटकन पाठ करतात. परंतु अंगणात घरंगळणारी गोटी अखेर थांबली, मग तिचा संवेग कोठे गेला, असे एखाद्याने विचारले म्हणजे पाठांतराचा आधार तुटतो. हा प्रश्न आडवळणाचा समजून बाजूस सारू नये. पाठाचा आरंभच त्यापासून करावा.

प्रयोग – दोन सरळ पट्ट्या समांतर ठेवून गोट्यांसाठी वाट करावी. सारख्या आकाराच्या पाच काचेच्या गोट्या तीत एकमेकींना टेकवून ठेवाव्यात व सहावी गोटी त्यांवर सोडावी. आदळणारी गोटी जवळजवळ थांबते, मधल्या गोट्या फारशा हालत नाहीत आणि पलीकडच्या टोकाची गोटी पुढे निघते. संवेग नष्ट झाला नाही, एकीकडून दुसरीकडे गेला, हे मुलांच्याच तोंडून वदवून घ्यावे. आदळलेली गोटी किंचित पुढे सरकते, हे चाणाक्ष मुलांच्या ध्यानात येईल. तिचे स्वतःभोवती फिरणे अजून शिल्लक असते म्हणून असे होते, हे स्पष्ट सांगावे.

फळ्यावरील उदाहरण – ४ किलोग्रॅमची गाडी सेकंदास ३ मीटर वेगाने येऊन स्थिर असलेल्या २ किलोग्रॅमच्या गाडीस चिकटते. टकरीपूर्वीचा संवेग ४ × ३ = १२. टकरीनंतरचे वस्तुमान ६ किलोग्रॅम; म्हणून वेग १२ ÷ ६ = २ मीटर प्रति सेकंद. आता दुसरी गाडी स्थिर नसून समोरून सेकंदास ६ मीटर वेगाने येत आहे असे घ्यावे. चिकटल्यावर दोन्ही गाड्या जागीच थांबतात. येथे नियम मोडला असे मुलांस वाटते. वस्तुतः दिशा विरुद्ध असल्याने आरंभीची बेरीजच १२ – १२ = ० होती. गाड्यांची गतिज ऊर्जा मात्र उष्णता, आवाज व वस्तूंचा आकार बदलणे यांत खर्च झाली. ऊर्जा व संवेग ही दोन भिन्न मापे होत.

दिशेची ही चूक थोरांकडूनही झालेली आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४४ मध्ये विश्वातील एकूण गती कायम राहते असे मांडले. पण दिशा हिशेबात न घेतल्याने त्याचे टकरींविषयीचे बहुतेक नियम चुकले. १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने हा प्रश्न विचारार्थ घेतल्यावर वॉलिस, रेन व हायगेन्स यांनी तो सोडविला. तेव्हा मुलाने ऋण चिन्ह विसरल्यास त्याला रागावण्याऐवजी ही हकीकत सांगावी.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळावे. बाहेरचे बल नसेल तेव्हाच एकूण संवेग कायम राहतो. अंगणातल्या गोटीवर जमिनीचे घर्षण कार्य करते. तिचा संवेग पृथ्वीस मिळतो. पृथ्वीचे वस्तुमान ६ वर २४ शून्ये इतके किलोग्रॅम असल्यामुळे तिच्या वेगातील फरक जाणवत नाही, इतकेच.

अग्निबाण हवेस रेटून पुढे जातो, ही समजूतही दूर करावी. तो आपल्यातील वायू मागे फेकतो, म्हणून निर्वातातही चालतो. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध दैनिकाने याच मुद्द्यावर गॉडार्ड या शास्त्रज्ञाचा उपहास केला होता. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना त्याच दैनिकाने आपली चूक छापून मान्य केली.

स्वाध्याय – (१) होडीतून काठावर उडी मारताना होडी मागे का सरते? (२) ४० किलोग्रॅमचा मुलगा सेकंदास १ मीटर वेगाने उडी मारील, तर ८० किलोग्रॅमची स्थिर होडी किती वेगाने मागे जाईल? (३) मुलगा जमिनीवरून उडी मारतो तेव्हा जमीन मागे सरताना का दिसत नाही?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाने आपल्या शब्दांत दिले, म्हणजे पाठ साधला असे समजावे.