आगाशिवच्या लेण्यांत बुद्ध कुठे आहेत?



सातारा-सांगलीकडची आपली कुटुंबे कराडजवळच्या आगाशिव डोंगरावर जातात. हार, मेणबत्त्या, अगरबत्ती सोबत असते. वर पोचल्यावर मुले विचारतात, "बुद्ध कुठे आहेत?" कोणी म्हणतो, ही तर पांडवांनी एका रात्रीत कोरलेली लेणी! अशा वेळी आपण गप्प बसता कामा नये.

कोरियात ग्योंगजू शहराजवळच्या नामसान डोंगरावर कातळात कोरलेल्या बुद्धमूर्ती जागोजाग आहेत. लोक चढून जाऊन त्यांना वंदन करतात. त्यांतील बहुतेक सातव्या शतकातील व त्यानंतरच्या. आगाशिवची लेणी त्यांच्या कितीतरी आधीची, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा आपल्या भागात तथागतांची मूर्ती घडवीत नसत. स्तूपालाच वंदन होई. म्हणून येथे मूर्ती शोधू नका, स्तूप शोधा. खाली गोल बैठक, वर अर्धगोल अंड. तो शंकराची पिंड नव्हे, हे मुलांना हात धरून दाखवा. एका चैत्यगृहाच्या दाराशी दोन बाजूंना स्तंभ कोरलेले आहेत. त्यांवरील चक्र आणि सिंह पाहा. चक्र म्हणजे सारनाथचे पहिले प्रवचन. बाकीच्या खोल्या बहुतेक साध्याच आहेत. ओटे दिसले की समजावे, येथे भिक्खू निजत. अशी लेणी येथे साठावर आहेत. सगळी पाहण्याचा हट्ट धरू नये, पाय दुखतात!

आता पांडवांचे. लेणी पांडवांनी नव्हे, दान देणाऱ्या माणसांनी उभी केली. कराडचे जुने नाव करहाकट किंवा करहाकड. मध्य प्रदेशातील भरहुतच्या स्तूपाला या नगराने दान दिल्याचा लेख आहे. रायगड जिल्ह्यातील कुडे येथे एक लेणे करहाकडच्या महिक नावाच्या माणसाने दिले. तो राजा नव्हता, लोखंडाचा व्यापारी होता. आपल्याच कराडचा माणूस घाट उतरून कोकणात दान देतो, ही गोष्ट मला राजांच्या वंशावळीपेक्षा मोठी वाटते. शाळेच्या पुस्तकात मात्र ती मला कधी भेटली नाही.

जाताना बॅटरी आणि पाणी घ्या. मेणबत्ती स्तूपावर किंवा भिंतीलगत लावू नका, काजळीने दगड काळा पडतो. त्रिसरण-पंचशील स्तूपासमोर उभे राहून म्हणा. भिंतीवर नाव कोरणारा आपला असो की परका, त्याला तेथेच थांबवा.