गटारातील मृत्यू आणि कुटुंबाचे कायदेशीर हक्क

ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास तथागतांनी किसा गोतमीला सांगितले, ही कथा आपल्या विहारांतून नेहमी सांगितली जाते. मरण कोणालाही चुकले नाही, हा तिचा बोध. परंतु कारणाशिवाय कार्य नाही, हेही तथागतांनीच शिकविले. म्हणून भूमिगत गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेलेल्या कामगाराच्या घरी जाऊन "नशिबात होते" असे म्हणणे धम्माला धरून नाही. त्या मृत्यूला कारण असते. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणून धोक्याची सूचना मिळत नाही. वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही पुष्कळदा तेथेच पडतो. वायूची तपासणी न करता, साधने न देता माणसाला खाली उतरविणारा हे दुसरे कारण. जेथे असे कारण आहे, तेथे जबाबदार व्यक्तीही आहे.

अशा प्रसंगी मुकादम किंवा कंत्राटदार घरी येतो, अंत्यविधीसाठी रोख रक्कम देतो आणि कागदावर अंगठा घेतो. "मिटवून टाका, कोर्टात जन्म जाईल," असे सांगतो. घरच्यांना वाटते की आता दुसरा रस्ताच नाही. वास्तविक कायद्याने अनेक मार्ग दिलेले आहेत. ते क्रमाने पाहू.

१. पहिल्या दिवसांतील कागद

पुढील सर्व मार्ग या कागदांवर उभे राहतात. पोलीस बहुधा प्रथम अकस्मात मृत्यूची नोंद करतात. तेवढ्यावर थांबू नये. गुन्हा नोंदविण्याची लेखी मागणी करावी आणि प्रथम खबर अहवालाची प्रत घ्यावी; ती विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवावी व त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. पंचनामा व शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मागून ठेवाव्यात. कामाला कोणी बोलावले, मजुरी किती ठरली, सोबत कोण होते, हे त्याच आठवड्यात लिहून काढावे. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही अगर अंगठा देऊ नये.

२. फौजदारी मार्ग

हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरविणे हा त्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : या कायद्याखालील तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत व्हावी लागते. दुःखाचे दिवस सरण्याची वाट पाहिली तर मुदत निघून जाते.

याशिवाय निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे हा १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची आहे. हा गुन्हा आपसात मिटविता येत नाही. कंत्राटदाराने करून घेतलेल्या "तडजोडीने" खटला संपत नाही.

३. तीस लाखांची भरपाई

२७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम तीस लाख झाली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाखांची तरतूद त्याच निकालात आहे. ही भरपाई फौजदारी खटल्याच्या निकालावर अवलंबून ठेवलेली नाही. अर्ज जिल्हाधिकारी व संबंधित नगरपालिका किंवा महानगरपालिका यांच्याकडे करून पोच घ्यावी.

काम खासगी इमारतीचे होते, म्हणून हक्क नाही, असे कोणी म्हणेल. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका खासगी गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मृत्यू पावले. त्यांच्या पत्नी उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीस दहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. दाद मागितली म्हणून ती मिळाली.

४. कामगार म्हणून भरपाई, किंवा दिवाणी दावा

कामावर मृत्यू आल्यास मालकाने भरपाई देण्याचा कायदा १९२३ पासून होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. रक्कम मजुरी व वय यांवरून ठरते आणि ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. अल्पशी आगाऊ रक्कम सोडली, तर मालकाने परस्पर हातात दिलेली रोकड ही भरपाई धरली जात नाही.

१८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली पत्नी किंवा पती, आईवडील व मुले यांच्यासाठी दिवाणी दावाही करता येतो. त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे. हे दोन मार्ग एकदम चालत नाहीत. वकिलाचा सल्ला घेऊन एक निवडावा.

५. बौद्ध कुटुंबांसाठी विशेष

अनुसूचित जातीच्या व्यक्तीस हाताने मैला साफ करावयास लावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. आरोपी त्या समाजाबाहेरचा असेल तर या कलमाचाही आग्रह धरावा. "तुम्ही बौद्ध आहात, तुम्हाला हा कायदा नाही," असे कोणी सांगितल्यास गप्प बसू नये. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. योग्य नमुन्यातील जातीचा दाखला घरात तयार असावा. तीस लाखांच्या भरपाईस मात्र जातीची अट नाही.

६. वकील कोठून आणावा?

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज द्यावा. दूरध्वनी क्रमांक १५१०० हा त्यासाठीच आहे.

आपले कर्तव्य

बाबासाहेबांनी आपल्याला हक्कांची भाषा दिली. ती शोकाच्या वेळीही विसरता कामा नये. प्रत्येक विहाराच्या मंडळाने दोन सुशिक्षित तरुण या कामासाठी नेमावेत. मृत्यूची वार्ता येताच त्यांनी त्या घरी जावे, घरच्यांसोबत पोलीस ठाण्यात बसावे, प्रती मागाव्यात आणि तीन महिन्यांची तारीख वहीत मांडून ठेवावी. पुण्यानुमोदनाला आपण सारे जमतोच. त्याच दिवशी त्या माउलीच्या हाती अर्जाची पोचही असावी, म्हणजे करुणा आणि प्रज्ञा दोन्ही तिच्या दारी पोहोचल्या असे म्हणता येईल.

जय भीम!