परदेशी शिक्षणानंतरचा कामाचा परवाना : दीड वर्षाची मुदत आणि घरचे भांडवल

मुलाला किंवा मुलीला विलायतेला शिकायला पाठवायचे, शिक्षण संपले की दोन वर्षे तिथेच नोकरी करू द्यायची आणि त्या पगारातून घातलेला पैसा परत काढायचा, असा हिशेब आज मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांपासून रत्नागिरी-चिपळूणच्या दुकानदारांपर्यंत अनेक घरांत मांडला जातो. हिशेब मांडून पाऊल टाकणे केव्हाही चांगले. परंतु ज्या दोन वर्षांवर हा सारा हिशेब उभा असतो, त्या दोन वर्षांचे नियम काय, ती कुणाला मिळतात आणि संपल्यावर पुढे काय, याची चौकशी फार थोडे लोक करतात. एजंट जे सांगेल ते खरे मानून प्लॉट विकला जातो, दागिने मोडले जातात.

म्हणून आजच्या पाठासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. देश अनेक आहेत, नियमही अनेक आहेत. सगळ्यांची खिचडी करण्यापेक्षा एक देश नीट समजून घेतला तर बाकीचे समजायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही ब्रिटन घेतो आणि शेवटी कॅनडा व जर्मनीकडे थोडक्यात पाहतो.

आखाताचा व्हिसा आणि हा परवाना

आखाती देशांचा व्हिसा आपल्याकडे, विशेषतः कोकणात, घरोघरी माहीत आहे. तो कफिलाच्या नावावर असतो. कफिल असेपर्यंत माणूस असतो. नोकरी गेली की व्हिसाही जातो. पण कफिल राजी असेल तर तोच व्हिसा पुन्हा पुन्हा वाढवून मिळतो. अशा रीतीने कित्येकांनी वीस-वीस वर्षे काढली आहेत.

ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा याच्या बरोबर उलट आहे. त्याला कफिल लागत नाही. कोणत्याही मालकाकडे नोकरी करता येते, सोडता येते, बदलता येते. पगाराची किमान अट नाही. स्वतःचा धंदाही करता येतो, जो विद्यार्थी असताना करायला मनाई असते. मात्र हा व्हिसा आयुष्यात एकदाच मिळतो आणि एका दिवसानेही वाढत नाही. आखाताच्या सवयीने "पुढे रिन्यू होईल" असे जे धरून चालतात, त्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो.

मुदत किती?

हा व्हिसा १ जुलै २०२१ पासून सुरू झाला. त्यापूर्वीही असा एक परवाना होता. तो एप्रिल २०१२ मध्ये सरकारने बंद केला आणि नऊ वर्षे काहीच नव्हते. २०२१ मध्ये तो परत आला तेव्हा पदवी व पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना दोन वर्षे आणि पीएच.डी. झालेल्यांना तीन वर्षे अशी मुदत ठेवली गेली.

२०२५ साली हा नियम पुन्हा बदलला. १ जानेवारी २०२७ रोजी किंवा त्यानंतर जे अर्ज करतील, त्यांना दोन वर्षांऐवजी अठरा महिने मिळतील. पीएच.डी.ची तीन वर्षे तशीच राहतील. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की प्रवेश कधी घेतला हे पाहिले जात नाही, परवान्याचा अर्ज कधी केला हे पाहिले जाते. सप्टेंबर २०२६ मध्ये सुरू होणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम २०२७ मध्ये संपतो. म्हणजे त्या मुलाला दीड वर्षच मिळणार, एजंटाच्या छापील पत्रकात काहीही लिहिलेले असो.

दुसरी गोष्ट अशी की मुदत नोकरी लागल्यापासून मोजत नाहीत, व्हिसा मंजूर झाल्यापासून मोजतात. डिसेंबर २०२७ मध्ये मंजुरी आली तर जून २०२९ मध्ये मुदत संपली. नोकरी शोधण्यात आठ महिने गेले तर ते आठ महिने त्यातूनच गेले.

अर्जाच्या अटी

अर्ज ब्रिटनमध्ये राहूनच करावा लागतो आणि स्टुडंट व्हिसा संपण्यापूर्वी करावा लागतो. अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने तिथल्या गृहखात्याला कळवलेले असले पाहिजे. बँकेत शिल्लक दाखवावी लागत नाही, इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. परंतु निकाल येईपर्यंत देश सोडून जाता येत नाही, गेल्यास अर्ज मागे घेतला असे धरतात. निकालाला साधारण आठ आठवडे लागतात. "शिक्षण झाले, ईदला घरी ये, मग पुढचे पाहू" असे म्हणून मुलाला बोलावून घेणाऱ्या आई-वडिलांनी ही अट आधी समजून घ्यावी.

कुटुंबाचा प्रश्नही इथेच येतो. जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या नेहमीच्या एम.एस्सी., एम.बी.ए. अशा अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना पती-पत्नी व मुले सोबत नेता येत नाहीत. ग्रॅज्युएट व्हिसावर नव्याने पत्नीला बोलावता येत नाही. तेव्हा "निकाह करून देऊ, सूनही मागोमाग जाईल" असा शब्द मुलीकडच्यांना देण्यापूर्वी विचार करावा.

आता वही उघडू

अर्जाची फी एप्रिल २०२५ च्या दराने ८८० पौंड आहे. त्याशिवाय सरकारी आरोग्यसेवेसाठी दर वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरावे लागतात. अठरा महिन्यांचे हे १,५५२ पौंड ५० पेन्स होतात. दोन्ही मिळून सुमारे २,४३० पौंड. फी बहुधा दर एप्रिलमध्ये बदलते, म्हणून भरण्याच्या वेळचा दर पाहावा.

समजा, एका यंत्रमागवाल्याने फी, राहणे, खाणे आणि विमान मिळून ३० लाख रुपये घातले. मुलाला शिक्षण संपताच दुकानात किंवा गोदामात किमान पगाराची नोकरी लागली. एप्रिल २०२६ पासून ब्रिटनमध्ये किमान पगार तासाला १२ पौंड ७१ पेन्स आहे. आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाला सुमारे २६,४०० पौंड होतात. कर आणि विमा कापून महिन्याला हातात १,८८० पौंडांच्या आसपास येतात. भाडे, जेवण, प्रवास काटकसरीने १,३०० पौंडांत भागवले तर ५८० पौंड उरतात. अठरा महिन्यांचे झाले १०,४४० पौंड. त्यातून परवान्याचे २,४३० वजा केले की राहिले सुमारे ८,००० पौंड. पौंडाला ११५ ते १२० रुपये धरले तर नऊ ते साडेनऊ लाख रुपये.

म्हणजे एकही दिवस बेकार न राहता, पै-पै वाचवून, घातलेल्या रकमेचा तिसरा भागही पुरता परत येत नाही. ही वजाबाकी आम्ही कुणाला नाउमेद करण्यासाठी करीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की या दीड वर्षाकडे वसुलीचा हंगाम म्हणून पाहू नये. पुढची पक्की नोकरी शोधायला मिळालेला वेळ म्हणून पाहावे. पैसा परत येतो तो त्या पक्क्या नोकरीतून.

पक्की नोकरी म्हणजे कोणती?

ग्रॅज्युएट व्हिसा संपण्याआधी मुलाने स्किल्ड वर्कर व्हिसा मिळवला तर तो पुढे राहू शकतो. इथे मात्र कफिलासारखा मालक लागतो. त्याच्याकडे परदेशी माणूस ठेवण्याचा सरकारी परवाना असला पाहिजे. तिथे त्याला स्पॉन्सर म्हणतात.

२२ जुलै २०२५ पासून या व्हिसाच्या अटी कडक झाल्या. काही थोडे अपवाद सोडले तर काम पदवीच्या दर्जाचे असले पाहिजे. आचाऱ्याचे काम पूर्वी चालत असे, नव्या माणसासाठी आता चालत नाही. वृद्धांच्या सेवेच्या कामासाठी बाहेरून माणसे नेण्याची वाटही त्याच दिवशी बंद झाली. सर्वसाधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड झाली. नुकत्याच शिकलेल्यांना सवलत म्हणून ती ३३,४०० पौंड आहे, पण त्या पेशाचा ठरलेला दर जास्त असेल तर त्याचाही ठराविक हिस्सा गाठावा लागतो. ही सवलत ग्रॅज्युएट व्हिसाचा काळ धरून एकूण चारच वर्षे चालते.

वरच्या उदाहरणातील मुलगा २६,४०० पौंड कमावतो. ३३,४०० पर्यंत जायला त्याला ७,००० पौंड कमी पडतात आणि त्याचे कामही पदवीच्या दर्जाचे नाही. गोदामात त्याने कितीही मेहनत केली तरी ती त्याला त्या दारापर्यंत नेत नाही. म्हणून खर्च भागवण्यासाठी असे काम करावेच लागले तरी पेशाच्या नोकरीचा शोध शिक्षणाच्या पहिल्या महिन्यापासून चालू ठेवला पाहिजे.

ग्रॅज्युएट व्हिसावरची वर्षे पाच वर्षांच्या कायम वास्तव्याच्या हिशेबात धरली जात नाहीत. शिवाय ती पाच वर्षे दहा करण्याचा मनोदय सरकारने मे २०२५ मध्ये जाहीर केला. तेव्हा "सात वर्षांत पासपोर्ट" असे कुणी सांगितले तर त्याला कागद दाखवायला सांगावे.

दोन खड्डे

पहिला खड्डा स्पॉन्सरचे पत्र विकत घेण्याचा. मुदत संपत आली की काही लोक "इतके पौंड द्या, कंपनीचे सर्टिफिकेट काढून देतो" असे सांगत येतात. नोकरी खरी नसेल तर व्हिसा रद्द होतो आणि पैसेही बुडतात. स्पॉन्सर होण्याचा आणि सर्टिफिकेटचा सरकारी खर्च मालकाने स्वतः भरायचा असतो, तो कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. परवानाधारक मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. तिथे व्हिसाचा सल्ला देणाऱ्यालाही सरकारी नोंदणी लागते, ती विचारून घ्यावी.

दुसरा खड्डा धंद्याचा, आणि तो आपल्या लोकांना जवळचा आहे. ग्रॅज्युएट व्हिसावर दुकान काढता येते, कपडे विकता येतात, सुतारकाम करता येते. पण मुदत संपल्यावर केवळ दुकान आहे म्हणून राहता येत नाही. धंद्यासाठी वेगळा व्हिसा आहे. त्यासाठी सरकारमान्य संस्थेने धंद्याची कल्पना नवी, टिकणारी आणि वाढणारी असल्याचा दाखला द्यावा लागतो. साध्या किराणा किंवा कापड दुकानाला तो मिळणे कठीण. म्हणून दीड वर्षासाठी दुकानाचा लांब मुदतीचा करार करून पैसा अडकवू नये.

कॅनडा व जर्मनी

कॅनडातही हा परवाना एकदाच मिळतो. दोन वर्षांच्या किंवा अधिक अभ्यासक्रमाला तीन वर्षे मिळतात. फेब्रुवारी २०२४ पासून छोट्या पदव्युत्तर पदवीलाही तीन वर्षे मिळू शकतात. पण प्रत्येक कॉलेज पात्र नाही. नोव्हेंबर २०२४ पासून भाषेची परीक्षा लागते आणि कॉलेजच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना विषयाचीही अट आहे. प्रवेशापूर्वी कॉलेजचे व विषयाचे नाव सरकारी यादीत पाहावे, फी भरल्यानंतर पाहून उपयोग नाही.

जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिन्यांपर्यंत मिळतात आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही, म्हणून घातलेले भांडवल कमी. मात्र जर्मन भाषा न शिकता गेलेल्या मुलाला नोकरीच्या बाजारात फार अडचण येते. ती शिकण्याचे एक-दोन वर्षे हाच तिथला खर्च समजावा.

पैसा काढण्यापूर्वी

व्याज नको म्हणून आपल्यातील अनेक घरे बँकेच्या कर्जाऐवजी धंद्यातला पैसा काढतात. व्याज टळते, पण खेळते भांडवल आटते. आठ मागांपैकी चार विकले तर पुढच्या वर्षापासून घरची कमाईही निम्मी होते, आणि मागे राहिलेल्या भावंडांचे शिक्षण त्याच कमाईवर असते. म्हणून घरात बसून पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत :

१. अभ्यासक्रम कोणत्या महिन्यात संपतो, आणि त्या तारखेला परवान्याची मुदत किती असेल?

२. या पदवीने कोणती नोकरी मिळते? ती पदवीच्या दर्जाची आहे काय आणि सुरुवातीचा पगार अटीइतका आहे काय?

३. त्या पेशाचे परवानाधारक मालक त्या शहरात किती आहेत?

४. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी स्पॉन्सर मिळाला नसेल तर काय करायचे, हे मुलाशी आज ठरले आहे काय?

५. मुलगा दीड वर्षाने डिग्री घेऊन परत आला, तर घरचा धंदा उभा राहील काय?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर "होय" असेल तर खुशाल पाठवावे. परत येणे ही नामुष्की नाही. तिथली पदवी आणि दीड वर्षाचा अनुभव मुंबई-पुण्यातही चालतो, दुबईतही चालतो. मुदत संपल्यावर चोरून राहणे मात्र गुन्हा आहे आणि पुढचे सगळे व्हिसे त्याने अडचणीत येतात. उत्तर "नाही" असेल तर रक्कम कमी करावी, देश बदलावा किंवा एक वर्ष थांबून तयारी करावी. मुलाला पाठवण्याची घाई एजंटाला असते, त्याचे कमिशन प्रवेशाबरोबर पदरात पडते. आपला हिशेब मात्र दीड वर्षानंतर सुरू होतो.