एक पाप, दोन मापे

श्रीमती हेन्री वुड यांची ‘ईस्ट लिन’ ही कादंबरी १८६१ साली इंग्लंडमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊन अत्यंत लोकप्रिय झाली. पतिगृह सोडून गेलेली इझाबेल अपघाताने विद्रूप होते व शिक्षिकेच्या वेषात स्वतःच्याच मुलांकडे परतते. पुत्र मरतो; ही आपली आई, हे त्याला कळत नाही. लेखिका तिला कठोर शासन करते. वाचक मात्र तिच्यासाठी रडतो.

इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्याने पतीला पत्नीच्या केवळ व्यभिचारावरून घटस्फोट मिळे. पत्नीला बहुधा क्रौर्य वा परित्यागही सिद्ध करावा लागे. हीच विषमता १८६९ च्या कायद्याने भारतीय ख्रिस्ती स्त्रियांच्या वाट्यास आली. ती २००१ मध्ये दूर झाली.

कायदा बदलला, आपली दृष्टी बदलली काय? योहान ८:१-११ वाचा व विचार करा : त्या स्त्रीबरोबरचा पुरुष कोठे होता?