आजी मुंबईला इतक्या उशिरा का गेली?

प्रश्न : माझे आजोबा लग्नानंतर लगेच जावळी तालुक्यातून मुंबईला मशीद बंदरला हमालीला गेले. आजी आणि मुले मात्र कितीतरी वर्षांनी तिकडे गेली. हाताला काम होते, पैसेही येत होते. मग बिऱ्हाड इतके उशिरा का केले? – एक वाचक, मेढा

उत्तर : कारण महिन्याला किती पैसे हातात पडतील, हे आजोबांना सांगताच येत नसणार.

जावळी-पाटणकडची डोंगरउताराची शेती वर्षभर पोट भरत नसे. त्यात साठच्या दशकात कोयनेच्या शिवसागर जलाशयात गावेच्या गावे गेली. मुंबईत उतरलेला माणूस गावच्या खोलीवर जाई. भाडे सगळ्यांत वाटलेले, ट्रंका भिंतीला लावलेल्या, झोपायचे पाळीपाळीने. तिथलाच कोणी नव्या पोराला मुकादमापुढे उभा करी आणि टोळीत घेई. सांगलीच्या खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोने-चांदी गाळायला दूरदूरच्या राज्यांत गेले. तिथेही नवा मुलगा आधी पाव्हण्याच्याच दुकानात राबायचा. ओळख हेच भांडवल होते.

पण ओळखीने काम मिळते, पगार ठरत नाही. हमाली गोणीवर. माल आला तर पैसे. माल नाही, पाठ धरली, ताप आला, की त्या दिवशी काही नाही. एकटा माणूस यातून निभावतो. खाणावळवाली बाई हिशेब पुढे ढकलते, खोलीतले लोक भाडे सांभाळून घेतात. बायको-मुले आली की खोलीची पागडी, रॉकेल, दूध, शाळा यांतले काहीच थांबत नाही. म्हणून आजोबांनी घर गावी ठेवले, हा शहाणपणाचा निर्णय होता असे मला वाटते.

खरा जमाखर्च आजीने सांभाळला. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येई, कुपनावरच्या दोन ओळीही वाचून दाखवी. त्यातून दुकानाची उधारी, बी-बियाणे आणि सावकाराचे व्याज भागवायचे. पुढची मनीऑर्डर कधी येईल आणि केवढ्याची, हे माहीत नसताना. गावी राहिलेल्या बायकांच्या या हिशेबाबद्दल फार थोडे लिहिले गेले, याची मला खंत वाटते.

पैशाच्या या अनिश्चिततेत फरक पडला तो हमालांसाठीच्या १९६९च्या माथाडी कायद्याने. त्यासाठी झगडणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. तोवर व्यापारी म्हणे, हमाल माझा नोकर नाही. मग त्याचा मालक कोण, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. कायद्याने मध्ये मंडळ आणले. व्यापाऱ्याने नोंद करायची, टोळीनेही करायची. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने कामगाराला पगार द्यायचा. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार. गोणी तीच, पाठही तीच, पण आता महिन्याच्या पगाराचा कागद हातात होता. त्यावर पतपेढीचे कर्ज निघे, आणि कर्जावर खोली घेता येई. पुढे घाऊक बाजार वाशीला हलले, कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींची घरे झाली आणि सातारा-सांगलीकडची कितीतरी बिऱ्हाडे तिथे थाटली गेली.

नोंद न झालेल्या हमालाला मात्र यातले काहीच मिळत नाही. आजही तुमच्या गावचा कोणी पोरगा बाजारात हमालीला जाणार असेल, तर पहिल्याच महिन्यात टोळीबरोबर मंडळात आपले नाव लागले का, हे त्याला पाहायला सांगा. आणि आजी असतील तर त्यांना विचारा, आजोबांना मंडळाचा पहिला पगार कोणत्या साली मिळाला. बिऱ्हाड हलले ते साल त्याच्या फार पुढे नसावे. दोन्ही साले लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा.